काचमहालावरचा मांडव

मागच्या दिवाळीत किन्हीराजाला गेलो तेव्हा पुतण्यानं जेवणानंतर मोबाइल माझ्यापुढे धरला. "काका, मागची ओसरी पाडून असं करायचं म्हणतो." फोटोत घराला चिकटून एक काचेची खोली होती. तिन्ही बाजूंना काच, वर काच, आत वेताच्या दोन खुर्च्या, कुंड्यांमध्ये नेचे, आणि बाहेर हिरवळीवर धुकं उतरलेलं. याला कॉन्झर्व्हेटरी म्हणतात, घर आणि बाग जोडणारी खोली, असं त्यानं समजावून सांगितलं. दर काढून झाले होते. ॲल्युमिनियमची चौकट, टफन काच, सरकते दरवाजे. नकाशा तेवढा मी काढायचा होता. मी चौतीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात आरेखक होतो, त्यामुळे घरात कुणाला काही बांधायचं असलं की कागद माझ्याकडे येतो.

आमची माय बाजूला बसून लसूण सोलत होती. तिनं फोटो डोळ्यांपासून लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "ऊनच पायजे त बाहेर काय कमी हाये बाप्पा? ते घरात कायले आणतं?"

आम्ही दोघंही हसलो. खरं सांगायचं तर मला तो फोटो आवडला होता.

पुतण्याची कल्पना वेडगळ नव्हती, हे आधी सांगितलं पाहिजे. त्या पावसाळ्यात मागच्या ओसरीचा पश्चिमेकडचा खांब खचला होता आणि टिनं एका अंगाला कलली होती. ओसरीतून परसात उतरायला दोन पायऱ्या आहेत. माय चौऱ्याऐंशीची. श्रावणात त्या पायऱ्यांवर एकदा ती घसरली, थोडक्यात निभावलं. पण परसात गेल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तिथे तिचं सांबार आहे (पुणेकरांनी कोथिंबीर वाचावं), गोडनिंब आहे, जामाचं झाड आहे, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ आणि अळू आहे. घर आणि परस एका पातळीवर यावं, आजीला पावसात आणि थंडीतही झाडांजवळ बसता यावं, एवढंच त्याला हवं होतं. समृद्धी महामार्ग आमच्या मालेगाव तालुक्यातून गेला, त्यात आमचाही एक तुकडा गेला. त्या पैशातला थोडा घरासाठी राखून ठेवलेला. जमीन गेली, निदान घराला काही तरी लागावं, ही भावना त्यामागे होती. ती मला समजत होती.

तर मी नकाशा काढायला बसलो, आणि जुन्या सवयीप्रमाणे आधी ही वस्तू आली कुठून ते पाहू लागलो.

ती आली संत्र्यासाठी. सतराव्या शतकातल्या युरोपातल्या राजेरजवाड्यांना संत्री-लिंबांच्या झाडांचं वेड होतं, आणि ही झाडं तिकडच्या हिवाळ्यात मरत. म्हणून ती लाकडी पेट्यांमध्ये लावायची, उन्हाळ्यात बाहेर मांडायची आणि थंडी पडली की दक्षिणेकडे मोठमोठ्या खिडक्या असलेल्या दगडी दालनात ओढून न्यायची. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं व्हर्साय इथे १६८४ ते १६८६ या काळात बांधलेलं असं दालन दीडशे मीटरहून लांब आहे. आमच्याकडे कारंजा-मंगरूळपीरच्या रस्त्यानं जाताना दोन्ही अंगांना संत्र्याचे बगीचे लागतात, त्यांना छत लागत नाही. लागतं ते पाणी, आणि ते मिळत नाही. राजाच्या त्या दालनाचा मला जरा हेवा वाटला आणि जरा हसू आलं. थंडीपासून झाड राखणारी, संरक्षण करणारी जागा म्हणून ती 'कॉन्झर्व्हेटरी'. नावातच कामाची व्याख्या आहे, आणि ते काम वऱ्हाडात कुणाला कधी पडलेलं नाही.

पुढे दगडाच्या जागी लोखंड आलं आणि खिडक्यांच्या जागी सगळीच काच. यातलं सगळ्यात मोठं नाव जोसेफ पॅक्स्टन याचं. हा माणूस स्थापत्यविशारद नव्हे, माळी. १८२६ साली तेविसाव्या वर्षी तो इंग्लंडातल्या चॅट्सवर्थ या सरदारी वाड्याचा मुख्य माळी झाला. १८३६ ते १८४० या चार वर्षांत त्यानं तिथे जे काचघर उभं केलं ते २७७ फूट लांब आणि १२३ फूट रुंद होतं. आत घोडागाडी फिरेल इतकं मोठं. १८४३ साली राणी व्हिक्टोरिया त्यातून गाडीत बसूनच फिरली. ते उबदार ठेवायला जमिनीखाली आठ बॉयलर होते आणि कोळसा आणायला भुयारातून छोटी रेल्वे. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं थंडीनं मेली, आणि १९२० साली ते पाडून टाकलं. या एका इमारतीचा जन्म आणि मरण पाहिलं तरी काचघर म्हणजे काय ते कळतं. ती आधी भट्टी आहे, बाग नंतर.

इंग्लंडमध्ये १८४५ पर्यंत काचेवर कर होता आणि १८५१ पर्यंत खिडक्यांवर. ते उठले, काच स्वस्त झाली आणि सरदारांचा शौक मध्यमवर्गापर्यंत उतरला. वकील-डॉक्टरांच्या घरांना मागे काचेची खोली लागू लागली. मोबाइलवरच्या फोटोतली खोली त्यांचीच नात. मात्र त्याच्या कितीतरी आधी, १८०३ साली, हम्फ्री रेप्टन नावाच्या उद्यानरचनाकारानं एक व्यवहारी सूचना करून ठेवली होती. काचघर राहत्या खोलीला थेट जोडू नका, कारण फुलांच्या वासापेक्षा ओल्या मातीचा वास आणि दमट हवा जास्त जोरात घरात शिरते. मधे एखादी लहान खोली ठेवा. हे वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. घर आणि झाडं यांच्यामध्ये एक खोली पाहिजे, जी पूर्ण घर नाही आणि पूर्ण बाहेरही नाही. म्हणजे ओसरीच की. काचघर घराला जोडायलाही त्यांना ओसरीसारखं काही तरी लागलं.

याच सुमाराची आणखी एक गंमत आहे. कंपनी सरकारच्या नोकरीत बंगालमध्ये पैसा कमावून परतलेल्या चार्ल्स कॉकरेल यानं आपल्या भावाकडून, सॅम्युअल पेपिस कॉकरेल याच्याकडून, ग्लॉस्टरशरमध्ये सेझिनकोट नावाचं घर १८०५ च्या सुमारास बांधून घेतलं. माथ्यावर तांब्याचा कांद्याच्या आकाराचा घुमट, खाली रुंद छज्जे, आणि एका अंगाला बागेकडे वळत गेलेलं कमानदार काचघर. पण कमानी मोगली. म्हणजे इंग्लंडातल्या काचघराला हिंदुस्थानी कमान लागून दोनशेवर वर्षं झाली. आणि तिकडे 'व्हरांडा' हा शब्दही आपल्याकडूनच गेला. तो मूळ पोर्तुगिजांचा की आपला यावर पंडितांनी भरपूर शाई खर्च केली आहे, तो वाद त्यांच्यापाशी राहो. इंग्रजांना तो हिंदुस्थानात भेटला एवढं नक्की. इकडे आलेला साहेब वरांड्यात बसून शहाणा होई आणि मायदेशी गेला की काचेत बसे. दोन्ही ठिकाणी त्याला बागेशेजारी बसायचं होतं, फक्त सूर्य निराळा होता.

सूर्य किती निराळा ते आकड्यांत सांगतो, कारण माझं मन त्यावरच पालटलं. लंडनमध्ये डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर असतो. आमचं किन्हीराजा साधारण वीस अंश अक्षांशावर. त्याच दिवशी त्याच वेळी आमच्याकडे सूर्य सेहेचाळीस अंशांवर असतो, आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तर थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. जुलैच्या उत्तरार्धात परत जाताना पुन्हा एकदा. मधले दोन महिने तो चक्क उत्तरेकडे असतो. पंधरा अंशांवरच्या त्या फिक्या उन्हाला भिंतीनं अडवून चालणारच नाही, ते मिळेल तेवढं काचेतून आत घ्यावं लागतं. आणि डोक्यावरच्या उन्हाखाली काचेचं छत धरणं म्हणजे?

त्याचाही हिशेब मांडला. स्वच्छ आकाशातलं मेमधलं दुपारचं ऊन दर चौरस मीटरला सुमारे एक किलोवॅट उष्णता टाकतं. पुतण्याची खोली बारा फूट बाय दहा फूट, म्हणजे अकरा चौरस मीटर. एक हजार वॅटच्या विजेच्या दहा-अकरा शेगड्या छतावर पेटवून ठेवल्यासारखं झालं. त्यातली बहुतेक उष्णता साधी काच आत सोडते. आणि आत गेलेली गरम हवा काच बाहेर जाऊ देत नाही, खरी मेख तिथे आहे. दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर काढतो. तसे दोन एसी सतत चालले तर दुपारी त्या खोलीत माणूस बसू शकेल. किन्हीराजात, मे महिन्यात, सतत वीज! मी हा कागद पुतण्याला दाखवला. तो म्हणाला, "काका, वरून शीट लावू ना रिफ्लेक्टरवालं." म्हणजे काचेचं छत करायचं आणि मग ते झाकायचं.

हसू नये. हेच १८५१ साली लंडनमध्ये खुद्द पॅक्स्टननं केलं होतं.

चॅट्सवर्थच्या अनुभवावर त्यानं हाइड पार्कमध्ये जगप्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारला. १,८४८ फूट लांब, जवळपास तीन लाख काचा. १ मे ते १५ ऑक्टोबर या साडेपाच महिन्यांत तो पाहायला साठ लाखांवर माणसं आली. बागेतली मोठी एल्म झाडं तोडू नयेत म्हणून मधलं छत उंच कमानीचं केलं आणि झाडं आतच ठेवली. पॅक्स्टनचं छत सपाट नव्हे, नागमोडी घड्यांचं होतं. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन काचेवर सरळ पडावं आणि दुपारचं घसरून जावं, अशी त्यातली युक्ती. म्हणजे काचघरांचा हा सगळ्यात मोठा कारागीरसुद्धा दुपारच्या उन्हाला टाळत होता, आणि तेही लंडनच्या. एवढं करून भागलं नाही. छतावर आणि दक्षिणेच्या अंगाला बाहेरून कापड ताणलं, जमिनीलगत आणि वर हवा खेळती ठेवायला झडपांच्या रांगा बसवल्या. तरी उन्हाळ्यात आत तलखी होई, तेव्हा टोकाच्या काही काचा काढून टाकाव्या लागल्या.

हे वाचलं तेव्हा मला आमचं अंगण दिसलं. चैत्र लागला की वडील अंगणात मांडव घालत. चार मेढी, आडव्या बल्ल्या, वर पऱ्हाट्या-तुराट्या आणि कडब्याचे पसरलेले पेंढे. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध काचमहालावर लंडनच्या उन्हाळ्यात मांडव घालावा लागला होता. क्यू इथल्या प्रसिद्ध ताडघरातही (ते १८४८ चं) मुद्दाम हिरवट छटेची काच बसवली होती, उन्हानं पानं करपू नयेत म्हणून. काच बसवायची आणि मग ती थोडी आंधळी करायची, हा उद्योग काचघरांच्या जन्मापासून चालू आहे.

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांना हे लवकर कळलं असावं. काचेचा हव्यास त्यांनी इकडे केला तो जपून. बंगळूरच्या लालबागेत १८८९ साली काचघराची पायाभरणी झाली, क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवर. पण बंगळूर समुद्रसपाटीपासून तीन हजार फूट उंच, आणि ते घर पुष्पप्रदर्शनं भरवायला. मुंबईत काळा घोड्याला वॉटसन हॉटेलची इमारत अजून कशीबशी उभी आहे. तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा विलायतेत बनवून जहाजानं आणला, आणि तो आखणारा रोलंड मेसन ऑर्डिश हा क्रिस्टल पॅलेसच्या कामावर होता. १८७१ साली हॉटेल उघडलं. १८९६ च्या जुलैत ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईनं पहिल्यांदा पाहिली ती तिथेच. त्या इमारतीच्या छायाचित्राकडे नीट पाहा. क्रिस्टल पॅलेसच्या वंशातला सांगाडा मुंबईत आला तो काचेची भिंत लेऊन आला नाही. प्रत्येक मजल्याला भोवताली गॅलऱ्या आहेत. काच आहे ती मधल्या चौकावरच्या छतापुरती.

आणि वऱ्हाडात? १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आलं, वाशिमला (ते 'बासिम' लिहीत) १९०५ पर्यंत जिल्ह्याचं ठिकाण होतं, कलेक्टर-कमिशनर होते. त्यांच्या बंगल्यांचा थाट उंच छत, खोल वरांडा आणि दारांना वाळ्याच्या ताट्या असाच. ताट्यांवर पाणी मारायला माणूस. आज विदर्भातल्या प्रत्येक घराच्या खिडकीत जो कूलर खडखडतो तो त्या ताटीचाच वारस, फक्त पाणी मारायला मोटर आहे. ज्यांना फारच असह्य होई ते साहेब चिखलदऱ्याला जात.

मग वऱ्हाडातल्या माणसानं झाडांसाठी घर बांधलंच नाही का? बांधलं. अंजनगाव सुर्जी, अकोट या भागात बारी समाजाचे पानमळे बघितले असतील तर माझं म्हणणं कळेल. नागवेल आणि पानपिंपळी ही दोन्ही नाजूक पिकं. त्यांना सावली पाहिजे, ओल पाहिजे, गरम वारा लागता कामा नये. त्यासाठी हादगा, शेवरी, पांगारा यांची झाडं दाटीनं लावायची, वेल त्यांच्यावर चढवायचे, कडेनं आडोसा करायचा. वैशाखात रस्त्यावरून आत शिरलं की अंगावर गारवा येतो. आत वाकून चालायचं, चपला बाहेर. काचघर नेमकं उलटं केलं की पानमळा होतो. तिथे थंडीत ऊब कोंडायची, इथे उन्हाळ्यात गारवा. हल्ली रोपवाटिकांवर जी हिरवी शेडनेट दिसते तीही त्याच जातीची. जिल्ह्यात कुठेही फिरा, झाडांची पोरं सावलीत वाढवलेली दिसतील.

आपल्याकडे काच आली ती निराळ्या वाटेनं. बांगड्या, आरसा, मग कंदिलाची काच. पैसा-पैसा वर्गणी गोळा करून उभा राहिलेला तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आमच्या घरीही होता, त्याची काच राखेनं पुसायचं काम माझ्याकडे. घराच्या छतात काच म्हणजे फार तर एखादं काचेचं कौल, तेही अंधाऱ्या माजघरात. त्यातून पडलेला उन्हाचा चौकोन दिवसभर भिंतीवरून सरकायचा आणि मायला त्यावरून वेळ कळायची.

आता मला छताबद्दल थोडं सविस्तर लिहू द्या, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

आमचं मूळ घर धाब्याचं होतं. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, सागाचे सर, त्यावर कड्या, कड्यांवर तुराट्या आणि पळसाची पानं, आणि सगळ्यावर पांढरीच्या मातीचा हातभर जाड थर. दरसाल मृगाच्या आधी त्यावर नवी माती टाकून चोपून घ्यायची. धाबं तरी गळायचंच. पण वैशाखातल्या दुपारी आत आलं की डोळ्यांपुढे काही क्षण अंधार आणि अंगाला रांजणाजवळ उभं राहिल्यासारखं. हातभर मातीतून ऊन आत झिरपायला रात्र होते, आणि रात्री सगळे अंगणात, नाही तर धाब्यावर झोपलेले असतात.

मग टिनं आली. नालीदार पत्र्याचं पेटंट १८२९ चं, लंडनच्या गोदीतल्या हेन्री पामर या अभियंत्याचं. आमच्याकडे रेल्वे आणि जिनिंग फॅक्टऱ्यांबरोबर ती पसरली. हलकी, न गळणारी, एका दिवसात चढणारी. मागच्या ओसरीवर आजोबांनी घातली.

आणि स्लॅब मी आणला. १९८७ साली. मी नोकरीत नवा, नकाशे काढायची हौस, आणि धाब्याची मला लाज वाटायची. दर पावसाळ्यात वडील साठीच्या वयात धाब्यावर चढून भोकं बुजवत, ते बघवत नाही असं मी सगळ्यांना सांगे. ते खरंही होतं. पण लाज हे त्याहून खरं कारण होतं. भिंती उतरवल्या, विटांच्या नऊ इंची केल्या, वर पाच इंचांचा स्लॅब. खिडक्यांना वर सज्जा ठेवायचा तोसुद्धा दीड फूट. दर्शनी भाग सुटसुटीत दिसावा म्हणून. गावात नाव झालं. वडिलांनी वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाला पोराचा नकाशा दाखवला.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी खाट मागच्या ओसरीत हलवली. मला वाटलं, जुन्या माणसाची सवय. स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत ती आच खाली सोडत राहतो, हे मला शिकवलेलं होतं, परीक्षेत आलं होतं. ते आपल्या वडिलांच्या खाटेवर येऊन पडणार आहे हे सुचलं नव्हतं. त्यानंतरची चौदा वर्षं ते फाल्गुनापासून मृगापर्यंत ओसरीतच राहिले. शेवटच्या उन्हाळ्यात त्यांना उठवत नव्हतं. डॉक्टरांनी आतल्या खोलीत ठेवा म्हणून सांगितलं, आणि कूलर लावून आम्ही त्यांना आत ठेवलं. वीज जायची. ते काही बोलायचे नाहीत. नुसते मागच्या दाराकडे बघत राहायचे. एकदाच म्हणाले, "धाबं गयत होतं, पण बरं होतं." मला उद्देशून नाही, असंच.

आता तीच ओसरी पाडून तिथे काचेची खोली, आणि नकाशा पुन्हा मीच काढायचा.

पुतण्याला हे मी सांगितलं नाही. त्याला त्याचे आजोबा आठवत नाहीत. त्याच्यापुढे मी अंश आणि किलोवॅट मांडले आणि ते त्याला पटले नाहीत. शेवटी पटवलं ते मायच्या जुन्या सोलर कुकरनं. माळ्यावर पडलेला होता, आतून काळी पेटी, वर काचेचं झाकण. एप्रिलच्या एका सकाळी दहा वाजता त्यात तांदूळ आणि पाणी ठेवलं. एकच्या सुमारास पुतण्यानं झाकण उघडलं आणि वाफेनं हात मागे घेतला. भात चांगला मोकळा झाला होता. ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञानं १७६७ साली काचेच्या थरांची अशीच पेटी बनवून आतला पारा पाणी उकळायच्या पलीकडे नेला होता. पण ते सांगायची वेळ आली नाही. माय म्हणाली, "आता याच्यात मले बसवता काय रे?"

पुतण्या हसला. मग बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग ओसरीच करू. पण नीट करू."

नीट म्हणजे कशी, यावर आम्ही तीन दिवस भांडलो. मागची बाजू दक्षिणेची, हे आमचं भाग्य. ओसरीच्या पाख्याची खालची कड जमिनीपासून सात फुटांवर ठेवली तर डिसेंबरच्या दुपारी ऊन साडेसहा फुटांपर्यंत आत येतं. म्हणजे दहा फूट खोल ओसरीत मायला थंडीत उन्हात बसायला जागा आहे आणि पाठीमागे सावलीही. फेब्रुवारी सरता सरता ऊन मागे हटू लागतं, आणि मेमध्ये भर दुपारी ते उंबऱ्यावरसुद्धा येत नाही. हे गणित मी कागदावर मांडलं आणि जुन्या ओसरीची मापं घेतली. पाख्याची कड सात फूट दोन इंच होती. आजोबांनी कोणतं पुस्तक वाचलं होतं कुणास ठाऊक.

पश्चिम हीच खरी वैरीण. चारनंतरचं तिरपं ऊन आणि नैर्ऋत्येचा पाऊस दोन्ही तिकडूनच येतात. जुना खांब खचला तो त्याच अंगाचा, पावसानं बुडाशी कुजून. त्या बाजूला आता विटांची जाळीची भिंत, आणि बाहेरून दोडक्याचा वेल. वर टिनांऐवजी मंगलोरी कौलं, खाली फळ्या, आणि फळ्या-कौलांच्या मधे हवा जायला फट. पायऱ्या काढून परसापर्यंत उतार, इतका हलका की मायची काठी घसरू नये. दर बारा फुटांमागे एक फूट उतार पुरतो, आम्हाला तेरा फूट मिळाले. एका बाजूला भिंतीत पक्का कठडा, हात धरायला. माठासाठी घडवंची उत्तरेकडच्या भिंतीला, वाऱ्याच्या वाटेत. सांबाराचा वाफा ओसरीच्या कडेला लागून दोन फूट उंच उचलून घेतला, म्हणजे मायला वाकायला नको. खुर्चीत बसल्या बसल्या खुडता येईल. हा शेवटचा मुद्दा पुतण्याचा. मला सुचला नसता.

काच अगदीच नाही असंही नाही. पूर्वेकडे त्याला एक मोठी खिडकी हवी होती, सकाळचं परस आतून दिसावं म्हणून. ती दिली, पण वर तीन फुटांचा सज्जा टाकून. आणि न्हाणीकडे वळताना जो अंधारा कोपरा आहे तिथे वर एक काचेचं कौल. माय तिथे चाचपडते.

सागाचे खांब जुनेच तासून घेतलेत, फक्त पश्चिमेचा नवा. खाली दगडी तळखडे बसवून झाले. कौलं अमरावतीहून यायची आहेत. मृगाच्या आत होईल असं मिस्त्री म्हणतो, पण मिस्त्री सगळेच असं म्हणतात. तोवर मायनं खाट पुढच्या अंगणात मांडवाखाली टाकली आहे, आणि मांडव पुतण्यानं घातलाय, पऱ्हाट्यांचा. वरून त्यानं हिरवी शेडनेट ताणली आहे. मायला तिचा रंग आवडत नाही.